रस्त्यावर नॅशनल गार्ड असताना गल्लीतला प्रश्न एएनसीतून कसा लावून धरायचा: वॉशिंग्टन डीसीत राहणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पने नॅशनल गार्ड (राखीव सैन्यदल) आणि केंद्राचे एजंट डीसीच्या रस्त्यावर उतरवले, तेव्हापासून डीसीत राहणारी आपली मंडळी एएनसीच्या (शहर सरकारला सल्ला देणाऱ्या, गल्लीगल्लीतून निवडलेल्या कमिशनच्या) मीटिंगला जायला लागली ही चांगली गोष्ट आहे, पण बहुतेक जण जातात, दोन मिनिटं तावातावाने बोलतात, टाळ्या पडतात आणि घरी येतात, आणि मग महिन्याभराने म्हणतात काही झालं नाही. होणारच नाही. कारण विषय चुकीच्या दारात नेलेला असतो, लेखी काही दिलेलं नसतं, आणि ज्या खात्यावर एएनसीचा काडीचा अधिकार नाही त्याच्याकडून उत्तराची वाट बघत बसलेले असतात. खाली क्रम दिलाय. क्रम बदलू नका, निम्मी फजिती तिथेच होते.

एक आधीच सांगतो: हे फक्त डीसीच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी आहे. आपली बरीच मंडळी ॲशबर्न-हर्नडनला नाहीतर गेथर्सबर्ग-जर्मनटाऊनला असतात आणि ऑफिसपुरती डीसीत येतात, त्यांना एएनसी नाही, त्यांनी आपापल्या काउंटीकडे जायचं.

पायरी १: हुकूम कोणाचा ते आधी शोधा

सगळे "ट्रम्पने पोलीस ताब्यात घेतले" असं एका दमात म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी रस्त्यावर आल्या आणि तिन्हींचा कायदा वेगळा आहे.

पहिली, डीसीचे स्वतःचे पोलीस, म्हणजे एमपीडी. डीसीला स्वतःचा कारभार देणाऱ्या १९७३ च्या होम रूल ॲक्टच्या कलम ७४० खाली राष्ट्राध्यक्ष आणीबाणीचं कारण देऊन मेयरकडून एमपीडीची सेवा मागू शकतात, पण ४८ तासांच्या पुढे न्यायचं तर काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) कळवावं लागतं आणि काँग्रेसने वाढवून दिलं नाही तर ३० दिवसांत ते संपतं. ११ ऑगस्टला सुरू झालं, १० सप्टेंबरला संपलं.

दुसरी, नॅशनल गार्ड. राज्यांत गार्ड गव्हर्नरच्या हाताखाली असतो, डीसीला गव्हर्नरच नाही, त्यामुळे डीसीचा गार्ड कायमच राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली, त्याला कलम ७४० लागत नाही. शिवाय वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, साउथ कॅरोलायना वगैरे राज्यांनी आपापले जवान पाठवले ते वेगळेच.

तिसरी, फेडरल म्हणजे केंद्राचे एजंट: आयस (इमिग्रेशनची धरपकड करणारे), एफबीआय, डीईए (अमली पदार्थवाले), पार्क पोलीस आणि इतर. हे आधीपासून शहरात होतेच, फक्त संख्या आणि गस्त वाढली.

⚠ नेहमीची चूक: "३० दिवस संपले, आता सगळं पूर्ववत." १० सप्टेंबरनंतर फक्त पहिली गोष्ट संपली. गार्डच्या विरोधात डीसीच्या अटर्नी जनरलनी (शहराच्या मुख्य सरकारी वकिलांनी) कोर्टात केस घातली, नोव्हेंबरमध्ये फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाने तैनाती बेकायदा ठरवली आणि डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे गार्ड रस्त्यावरच. तेव्हा तारखा बघून विषय लिहा, जुन्या बातमीवरून नको.

आपल्याला दिल्लीचं उदाहरण पटकन कळेल, तिथे विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, पण पोलीस केंद्राचे. डीसीत पोलीस मेयरचे आहेत पण ते मागून घेता येतात, आणि वर काँग्रेसमध्ये डीसीचा जो प्रतिनिधी असतो त्याला सभागृहात मतच नाही. त्यामुळे "आपल्या खासदाराला लिहा" हा बाकी अमेरिकेतला सल्ला इथे अर्धाच चालतो. लिहा जरूर, पण त्यावर थांबू नका.

पायरी २: जागा कोणाची ते बघा

हे कोणीच बघत नाही. डीसीतल्या कितीतरी छोट्या बागा शहराच्या नाहीत, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या आहेत. ड्यूपाँट सर्कल, लोगन सर्कल, लिंकन पार्क, मेरिडियन हिल पार्क, सगळं केंद्राचं. सर्कलच्या भोवतीचा रस्ता मात्र डीसीचा. म्हणजे बाकावर बसलेल्या माणसाला कोणी उठवलं तर प्रश्न एका सरकारचा आणि तोच माणूस दहा पावलं चालून फुटपाथवर आला तर दुसऱ्या सरकारचा.

शेजाऱ्यांची बैठक बागेत घ्यायची असेल तरी हे लागतं. पार्क सर्व्हिसच्या जागेत २५ जणांपर्यंतच्या निदर्शनाला साधारणपणे परवाना लागत नाही, त्याच्या वर गेलात की अर्ज करा. चादर अंथरून पोहे खायला बसलात तर तो वेगळा विषय, पण बोर्ड आणि भोंगा आणलात की ते निदर्शन.

✔ पुढे जाण्याआधी एका ओळीत लिहून काढा: कोण होतं, कोणाच्या हुकमाने, कोणाच्या जागेत. तिन्ही रकाने भरता येत नसतील तर अजून चौकशी करा, मीटिंगला जाऊ नका.

पायरी ३: तुमचा एसएमडी आणि तुमचा कमिशनर

एएनसी म्हणजे ॲडव्हायजरी नेबरहूड कमिशन. प्रत्येक एएनसीत काही सिंगल मेंबर डिस्ट्रिक्ट (एसएमडी) असतात, एकेकात साधारण २००० लोक, आणि प्रत्येकातून एक कमिशनर निवडून येतो. पक्ष नाही, पगार नाही, मुदत दोन वर्षं. नंबर असा असतो: १ए०६, म्हणजे वॉर्ड १, कमिशन १ए, त्यातला सहावा डिस्ट्रिक्ट. पत्ता टाकला की शहराच्या एएनसी ऑफिसच्या साईटवर मिळतो. समोरच्या फुटपाथवरचा माणूस दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतो, तेव्हा शेजाऱ्याचा नंबर उचलू नका.

कमिशनरला आधी मेल करा आणि छोटा करा. हा माणूस दिवसा नोकरी करतो आणि रात्री तुमचे मेल वाचतो. तीन ओळी: मी अमुक डिस्ट्रिक्टमध्ये राहतो, असं असं झालं, ठराव मांडायला मदत हवी आणि कच्चा मसुदा मी देतो. शेवटच्या पाच शब्दांनी काम होतं. नुसती तक्रार देणारे शंभर असतात, मसुदा देणारा एखादाच.

⚠ मीटिंगची सूचना किमान सात दिवस आधी निघते आणि अजेंडा त्याच सुमारास ठरतो. आदल्या रात्री मेल केलात तर "कम्युनिटी कन्सर्न्स" मध्ये दोन मिनिटं मिळतील, ठराव नाही. दोन-तीन आठवडे आधी लागा. वर्षातून किमान नऊ मीटिंग असतात, पण ऑगस्टमध्ये बऱ्याच एएनसी सुट्टी घेतात आणि २०२५ मध्ये नेमकं ऑगस्टमध्येच सगळं झालं! अशा वेळी कमिशन खास मीटिंग बोलावू शकतं, मागून बघा.

पायरी ४: नोंद ठेवा, पण माणसांची नको

इथे जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

चांगली नोंद कशी असते? समजा अशी: "मंगळवार, संध्याकाळी ६.४० ते ७.१०, फोर्टीन्थ आणि अर्व्हिंग, नॉर्थवेस्ट. मोपेडवाले डिलिव्हरी रायडर थांबवले. दोन एमपीडीच्या गाड्या, नंबर अमुक, एक बिननावाची काळी एसयूव्ही. एमपीडीच्या दोघांचे बॅज नंबर अमुक. बाकी चौघांच्या जॅकेटवर फक्त 'पोलीस', तोंडं झाकलेली. रायडरना काय विचारलं ते ऐकू आलं नाही." बस. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, जे ऐकलं नाही ते ऐकलं नाही असं लिहा. "आयसवाले होते वाटतं" असलं काही लिहिलंत की पुढची सगळी नोंद खिळखिळी होते.

मिश्र गस्तीत एमपीडीवाला कोण ते टिपणं सगळ्यात कामाचं, कारण त्या टोळक्यात डीसीच्या कायद्याला बांधलेला तो एकटा असतो.

व्हिडिओ काढायला हरकत नाही. सार्वजनिक जागेत ड्युटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करायचा हक्क आहे, फक्त अंतर ठेवा, मागे व्हा म्हटलं की मागे व्हा आणि शूटिंग चालू ठेवा, वाद घालू नका. काही फेकू तर अजिबात नका. ऑगस्टमध्ये एकाने फेडरल एजंटवर सँडविच फेकलं, ज्युरीने नोव्हेंबरमध्ये त्याला सोडलं हे खरं, पण मधले तीन महिने त्याचे कसे गेले असतील ते बघा, आणि तो सिटिझन होता.

⚠ सगळ्यात मोठा इशारा: एएनसीची मीटिंग सार्वजनिक असते, बऱ्याच ठिकाणी झूमवर रेकॉर्ड होऊन नेटवर चढते, आणि एएनसीला पाठवलेला मेल माहितीच्या अधिकारात बाहेर येऊ शकतो. "आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई घाबरून कामावर जात नाहीत, त्यांचे पेपर नाहीत" हे वाक्य सद्भावनेने बोललं जातं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. कोणाचं नाव, मजला, दुकान, देश, स्टेटस काहीही बोलायचं नाही. "काही रहिवासी" एवढंच.

पायरी ५: मसुदा, दोन भागांत

एएनसीच्या हातात एक खरं हत्यार आहे, त्याला ग्रेट वेट म्हणतात. योग्य सूचना देऊन बोलावलेल्या, कोरम असलेल्या जाहीर मीटिंगमध्ये मत घेऊन लेखी शिफारस केली, तर डीसीच्या खात्याला ती विचारात घ्यावीच लागते आणि मान्य नसेल तर का नाही ते मुद्द्याला धरून लेखी सांगावं लागतं. ऐकावंच लागतं असं नाही हां. पण "बघू, करू" म्हणून कटवता येत नाही.

हे हत्यार चालतं फक्त डीसी सरकारवर. पेंटागॉन, होमलँड सिक्युरिटी, पार्क पोलीस यांच्यावर अजिबात नाही. म्हणून ठरावाचे दोन भाग करा आणि मध्ये स्पष्ट रेघ मारा.

भाग एक, डीसीच्या खात्यांना. इथे नेमकं मागा. उदाहरणार्थ: एमपीडीने फेडरल एजंटांबरोबर या हद्दीत लावलेल्या चेकपॉइंटबद्दल सध्या कोणता लेखी आदेश लागू आहे त्याची प्रत द्यावी, एमपीडीच्या त्या भागाच्या डिस्ट्रिक्ट कमांडरने पुढच्या मीटिंगला येऊन तो समजावावा, शाळा सुटायच्या वेळी शाळेजवळ संयुक्त गस्त असेल तर शाळेला कोण कळवतं ते सांगावं. लेखी आदेश मागण्याला कारण आहे. १४ ऑगस्टला पोलीस प्रमुखांनी ट्रॅफिक स्टॉपवर आयसला माहिती देण्याबद्दल आदेश काढला, त्याच दिवशी फेडरल अटर्नी जनरलनी डीईएच्या प्रमुखांना "इमर्जन्सी पोलीस कमिशनर" नेमलं, दुसऱ्या दिवशी डीसी कोर्टात गेलं आणि संध्याकाळपर्यंत ती नेमणूक मागे घ्यावी लागली. ४८ तासांत कुठलं खरं कुठलं खोटं कळेना. तोंडी आश्वासन अशा वेळी काही कामाचं नाही.

भाग दोन, केंद्राला. हे नुसतं मत आणि विनंती. लिहा, पाठवा, पण "ग्रेट वेट" हा शब्द या भागात चुकूनही आणू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याला अधिकार माहीत नाहीत आणि मग भाग एकही हलका होतो.

लांबी दीड पान. "व्हेअरॲज" (ठरावाच्या सुरुवातीची "ज्याअर्थी..." वाक्यं) चार-पाच पुरे, प्रत्येकात एक तारीख किंवा एक घटना. देशाच्या लोकशाहीबद्दलचा निबंध त्यात घालू नका, मनातला राग खरा आहे पण एमपीडीचा लीगल विभाग निबंधाला उत्तर देत नाही, मागणीला देतो.

⚠ एएनसीला "केस करा" म्हणू नका. कायद्यानेच एएनसीला कोर्टात दावा लावता येत नाही. एखादा कमिशनर नागरिक म्हणून स्वतः जाऊ शकतो, कमिशन नाही. शहरातर्फे कोर्टात जाणं हे अटर्नी जनरलचं काम, त्यांना नोंदी पाठवा, उपयोगी पडतात.

पायरी ६: मीटिंगच्या रात्री

बोलणारे तीनच ठेवा आणि तिघांनी वेगळं बोला: एकाने काय घडलं, एकाने त्याचा धंद्यावर किंवा शाळेवर काय परिणाम झाला, एकाने काय हवंय. पंधरा जणांनी तेच बोललं की कमिशनर घड्याळ बघायला लागतात आणि विषय पुढच्या महिन्यावर जातो.

गार्डबद्दल चांगलं मत असणारा शेजारीही त्याच खोलीत असतो, हे धरून चाला. कोणाला मेट्रो स्टेशनवर गार्ड उभा असला की बरं वाटतं, कोणी म्हणतं बागेत पालापाचोळा तरी उचलून दिला त्यांनी (खरंच उचलला, सैनिकांना मल्च पसरवायला लावलं होतं). त्यांना तिथे हरवायचा प्रयत्न नको. "लेखी आदेश दाखवा" या मागणीला त्यांचाही विरोध नसतो आणि मत एकमताने पडलं तर ठरावाचं वजन वाढतं.

✔ मत पडल्यावर सेक्रेटरीकडून तीन गोष्टी पत्रात आहेत का बघा: मीटिंगची सूचना दिली होती, कोरम होता (निम्म्याहून जास्त कमिशनर), आणि बाजूने-विरोधात किती मतं. यातलं एक जरी राहिलं तरी खात्याला पळवाट मिळते.

पायरी ७: पास झालं, आता खरं काम

ठराव पास झाला की लोक फोटो टाकतात आणि विसरतात. इथून मोजायला सुरुवात करायची. एएनसीने स्वतःहून मांडलेल्या प्रस्तावाची पोच डीसीच्या खात्याने १० दिवसांत लेखी द्यायची असते आणि ६० दिवसांत काय केलं ते कळवायचं असतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन्ही तारखा टाका. पोच नाही आली तर अकराव्या दिवशी कमिशनरला आठवण, त्याने खात्याला मेल, आणि काउन्सिलमधल्या (डीसीच्या विधिमंडळातल्या) तुमच्या वॉर्डच्या मेंबरच्या ऑफिसला सीसी. सीसी लागली की उत्तरं भराभर येतात, हे सगळीकडे सारखंच.

मग काउन्सिलच्या हिअरिंगला नाव द्या. बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात, लेखी निवेदन वेगळं देता येतं. कमिशनर "एएनसीच्या वतीने" बोलणार असेल तर तसं त्याला कमिशनने मत घेऊन सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर तो स्वतःपुरताच बोलतो.

पायरी ८: एएनसीच्या बाहेरची दारं

एमपीडीच्या एखाद्या पोलिसाबद्दल तक्रार असेल तर ऑफिस ऑफ पोलीस कंप्लेंट्स, मुदत घटनेपासून ९० दिवस. ते फेडरल एजंटांना हात लावू शकत नाहीत. फेडरल माणसाने दार मोडलं, गाडी ठोकली, इजा केली तर एसएफ-९५ फॉर्म भरून त्या एजन्सीकडेच दावा करायचा असतो, मुदत दोन वर्षं, आणि आकडा नक्की लिहायचा. रकमेचा रकाना मोकळा सोडला की दावा अपुरा धरतात. कागद मागवायचे तर डीसीच्या खात्याला डीसीचा माहितीचा कायदा (१५ कामाचे दिवस) आणि केंद्राच्या खात्याला केंद्राचा (२० कामाचे दिवस, प्रत्यक्षात कितीही). एकच अर्ज दोघांना पाठवून चालत नाही.

ज्या गोष्टींना कोणाचीच परवानगी लागत नाही त्या मात्र आजच सुरू करा. २५ ऑगस्टला शाळा उघडल्या तेव्हा माउंट प्लेझंट, कोलंबिया हाइट्स भागात पालकांनी "वॉकिंग स्कूल बस" काढल्या: ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर दोन-तीन मोठी माणसं उभी, वाटेत एकेक मूल सामील, शाळेच्या दारापर्यंत सोबत. यादी शाळेच्या पालक संघटनेकडे कागदावर ठेवायची, गूगल शीटवर नाही, आणि यादीत मुलाचं नाव आणि फोन एवढंच. निषेध म्हणून रात्री ८ ला पाच मिनिटं भांडी वाजवायचाही कार्यक्रम होता, थाळ्या वाजवण्याचा आपला २०२० चा अनुभव दांडगा आहेच, वाजवा. पण ती नोंद नव्हे.

एच-वन, ग्रीन कार्डवाल्यांसाठी

मीटिंगला जाणं, बोलणं, मसुदा लिहिणं यासाठी सिटिझन असावं लागत नाही, फक्त तिथले रहिवासी असलात की झालं. कागद मात्र जवळ ठेवा, १८ वर्षांवरच्या नॉन-सिटिझनने नोंदणीचा पुरावा (ग्रीन कार्ड किंवा आय-९४) जवळ बाळगायचा नियम आहे.

मतदानाचं नीट समजून घ्या. डीसीच्या २०२२ च्या कायद्याने नॉन-सिटिझन रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, म्हणजे मेयर, काउन्सिल, एएनसी. काँग्रेसमध्ये तो रद्द करायचे प्रयत्न झालेत, तेव्हा नाव नोंदवताना तो चालू आहे का बघा. राष्ट्राध्यक्ष किंवा काँग्रेसच्या जागेसाठी मत देणं नॉन-सिटिझनला गुन्हा आहे आणि पुढे सिटिझनशिपच्या फॉर्मवर मतदानाबद्दल प्रश्न येतोच. म्हणून आधी इमिग्रेशन वकील, मग नोंदणी. मित्राने केलं म्हणून करू नका.

आणि कमिशनरच कामाचा नसेल तर

तर स्वतः नाहीतर शेजाऱ्याला उभं करा. निवडणूक दर सम वर्षी नोव्हेंबरमध्ये. अर्ज भरायच्या आधी ६० दिवस त्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहत असायला हवं आणि तिथल्याच नोंदणीकृत मतदारांच्या २५ सह्या लागतात. २५ वर थांबू नका, ४० तरी घ्या. बिल्डिंगच्या लॉबीत उभं राहून सह्या घेतल्या की अर्ध्या लोकांची नोंदणी जुन्या पत्त्यावर निघते आणि त्या सह्या बाद होतात.